शेवटी बोलणारी ओफेलिया

रॉब्सटाउनात डब माचेकच्या ट्रॅक्टर दुरुस्तीच्या शेडमध्ये शनिवारी दुपारी पोकरचा अड्डा बसे. खुर्च्या सहा, त्यातली एक ओफेलिया त्रेविन्योची. नवरा गेल्यावर ती त्याच्या खुर्चीवर बसू लागली, तेव्हा बाई महिनाभरात कंटाळेल असं सगळ्यांनी धरलं होतं. बाई सहा वर्षं हलली नाही. घरी ती आजी होती, चर्चमध्ये विधवा होती. इथे मात्र तिने चकत्या पुढे सरकवल्या की दांडगे बाप्ये मुकाट पत्ते टाकून द्यायचे. हे सुख तिला दुसरीकडे कुठे मिळणार होतं?

त्या शनिवारी डबने तिला मांसाच्या भट्टीपाशी गाठलं.

"मिस ओफेलिया, राग मानू नका. तुम्ही नुसते पत्ते टाकता आणि माझं ब्रिस्केट खाता, अशी कुरकुर चाललीय. खेळाला रंगच येत नाही. पुढच्या आठवड्यापासून दुसऱ्या कुणाला बसवावं म्हणतोय."

"माझ्या शेजारच्या बेटोची कुरकुर ना?"

डब मांस उलटत राहिला. तिला जे समजायचं ते समजलं.

खरं तर ती पत्ते टाकायची ते जागा बघून. बोलायची, म्हणजे चकत्या लावायची किंवा पत्ते टाकायची, पाळी डावीकडे सरकत जाते. पहिल्यांदा बोलायचं असेल तर आपल्यानंतर बोलणारे पाच जण काय धरून बसलेत कुणास ठाऊक, आणि बिनमर्यादेच्या खेळात त्यातला कुणीही आपल्या चकत्यांचा सगळा ढीग पुढे लोटू शकतो. तिथे ती राजा-राणीसुद्धा टाकून द्यायची. शेवटी बोलायचं असेल, तर बाकीच्यांनी काय केलं ते आधीच दिसलेलं असतं; तेव्हा मात्र ती भुक्कड पत्त्यांवरही डाव मारायची. तीस वर्षं तिने शाळेची बस चालवली होती. रेल्वे फाटकापाशी थांबून, दार उघडून, कान देऊन मगच बस पुढे काढायची सवय होती. बाप्यांना तिचं थांबणं तेवढं दिसायचं.

खेळ सुरू झाला. वाटप कुणाचं ते दाखवणारी चकती, म्हणजे बटण, तिच्यापुढे आलं: आता तिच्यानंतर बोलणारे दोघेच, तेही पहिल्या फेरीपुरते; पुढच्या फेऱ्यांत शेवटी तीच. हातात बदामाची सत्ती आणि पंजी. पहिल्या दोघांनी पत्ते टाकले. तिच्या उजवीकडे बेटो गार्सा, कापसाच्या जिनिंग कारखान्यातला गडगडाटी आवाजाचा माणूस. त्याने भाव वाढवला. तिने तो तिपटीवर नेला. उरलेल्या दोघांनीही माघार घेतली.

"कोमाद्रे, बाई गं, तू एवढं लावतेस म्हणजे एक्के असणार," बेटो म्हणाला आणि दोन दश्शे सगळ्यांना दाखवून फेकून दिले.

एरवी तिने आपले पत्ते झाकूनच सरकवले असते. या लोकांच्या मनातली भीती तिने सहा वर्षं जपली होती, आज ती खर्चावी लागणार होती. तिला फार जिवावर आलं. पण खुर्चीच गेली तर नुसती भीती घेऊन काय करायचं? तिने सत्ती-पंजी उघडी टाकली.

शेडमध्ये एकच हशा उसळला. डब तर डोळे पुसू लागला.

"म्हातारे, सहा वर्षं उल्लू बनवलंस होय!" बेटोचा चेहरा लालेलाल झाला.

बटण पुढे सरकत गेलं आणि तीन डावांनी पहिलं बोलायची पाळी तिच्यावर आली. हातात दोन राजे. तिने बेताचीच बोली लावली. मागच्या शनिवारी अख्ख्या टेबलाने निमूट पत्ते टाकले असते. आज बेटोने एक्का-नव्वीवर सगळा ढीग लोटला.

"आता कळलीस तू मला," तो म्हणाला.

"बरं झालं," म्हणत तिने आपला ढीग पुढे केला.

टेबलाच्या मधली, सगळ्यांना सामाईक असलेली पाच पानं उघडली. ना एक्का आला, ना बेटोच्या कामाचं दुसरं काही. तिने ढीग ओढून घेतला तरी तो तिच्या दोन राजांकडेच बघत होता.

"पण मघाशी तर तू सत्ती-पंजीवर..."

"मघाशी मी शेवटी बोलत होते, बाबा. आता पहिली होते."

डबने खाकरून विचारलं, "मिस ओफेलिया, पुढच्या शनिवारी येताय ना?"

"येईल, येईल," तिच्याआधी बेटोच बोलला. "पण मला तिच्या डाव्या हाताला बसव, तिच्यानंतर बोलायचंय मला."