अमावास्येला माग बंद

शहापूरच्या आमच्या गल्लीत अमावास्येला माग बंद असतात. एरवी दिवसभर खडखडाट, शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडून बोलावं लागतं. त्या एका दिवशी मात्र कुणाच्या घरी भांडं पडलं तेही कळतं. म्हणूनच मला अजून संताप येतो. त्याच दिवशी तो ओरडत होता, आणि आम्हा सगळ्यांना स्वच्छ ऐकू येत होतं.

तो आमच्या मागांच्या शेडसमोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर राहायचा. कुठून आला, कुणाला ठाऊक नव्हतं. स्वतःशीच बडबडायचा, कधी कन्नडमधून, कधी मराठीतून. पण हात पक्क्या विणकराचा. तुटलेला धागा असा सांधायचा की गाठ बोटाला लागू नये. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याला त्याच कामाला लावलं आणि दोन वेळचं जेवण सुरू केलं. गल्ली म्हणायची, केवढं पुण्य! पुण्य कसलं डोंबलाचं, फुकटात कारागीर मिळाला होता.

त्या सकाळी तो पोट आवळून पायरीवर गडाबडा लोळत होता. "आत माग चाललाय, बंद करा रं!" एवढंच पुन्हा पुन्हा. सगळे माग बंद, आणि हा असं म्हणतोय म्हटल्यावर लोक हसले. शेजारच्या आक्का म्हणाल्या, "आमुशा हाय न्हवं, आज चढणारच त्येला." मी दारात तांदूळ निवडत होते. बी.एस्सी. झालेली मी, मलाही ते पटलं! आक्कांनी त्याच्यावरून लिंबू उतरून टाकलं आणि आम्ही आपापल्या घरी जेवायला बसलो.

दुसऱ्या दिवशी माग सुरू झाले. तो गप्प पडून होता. "उतरलं बघ," आक्का म्हणाल्या. दुपारी मी भाकरी द्यायला गेले, तर अंग चटका बसेल इतकं तापलेलं, पोट फळीसारखं कडक. अण्णांना हाक मारली, रिक्षा केली, दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरांनी त्याच्या जटांकडे लांबूनच पाहिलं. "वेडा आहे ना? धारवाडला वेड्यांच्या इस्पितळात न्या." मी म्हटलं, त्याचं पोट दुखतंय. "बरं, सही कोण करणार? नातेवाईक कोण?" मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा बाहेर रिक्षाकडे बघत राहिले. सही मलाही करता आली असती. संध्याकाळ व्हायच्या आत व्हरांड्यातल्या बाकड्यावरच त्याने जीव सोडला.

आतडं फुटलं होतं, असं नंतर कळलं. डोकं बिघडलेल्या माणसाचं पोटही बिघडू शकतं, हे ना आमच्या गल्लीला सुचलं, ना त्या शिकलेल्या डॉक्टरांना.

"सुटला बिचारा," घरी आल्यावर अण्णा म्हणाले. मी ताट ढकललं. "सुटला न्हाय अण्णा, आपण मारला त्येला."

परवा अण्णांच्या पोटात कळ आली. नुसता गॅस होता. पण अर्धी गल्ली धावली, आक्का ओवा घेऊन आल्या, आणि आत येणारा प्रत्येक जण आधी एकच विचारत होता, "अण्णा, कुठं दुखतंय?" मी उंबऱ्यात उभी राहून ऐकत होते. त्याला हे कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.