आधी उजवीकडे, मग वर

भिकन वना पाटील जळगावच्या एका कॉलेजात, भूगोल विभागात सव्वीस वर्षं शिपाई आहेत. मूळ गाव नरडाण्याजवळ, घर पिंप्राळ्यात. दहावीला इंग्रजीत अडकले, ते पुढे शिकले नाहीत. प्रॅक्टिकलच्या तासाला स्थलनिर्देशक नकाशे टेबलांवर पसरायचे आणि नंतर गुंडाळून कपाटात ठेवायचे, हे त्यांचं काम.

पण नकाशावरच्या ठिकाणाचा आकडा कसा काढायचा, तो धडा त्यांनी मागे उभं राहून दरवर्षी ऐकला होता. ठिकाण ज्या चौकोनात असेल, त्याच्या डाव्या उभ्या रेषेचा दोन अंकी आकडा आधी घ्यायचा. चौकोनाचे दहा भाग कल्पून ठिकाण कितव्या भागावर येतं तो आकडा त्यापुढे मांडायचा. मग खालच्या आडव्या रेषेपासून वर तसंच मोजायचं. सहा आकडे झाले की ठिकाण पक्कं. भिकनभाऊंनी लग्नपत्रिकेच्या कडेला दहा खुणा करून त्यासाठी पट्टीही बनवली होती. दुपारी विभाग रिकामा असला की ते नकाशावर विहिरी आणि देवळं शोधत बसत. हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

गेल्या डिसेंबरात जामनेरच्या पुढच्या डोंगरात सहल गेली. नव्या प्राध्यापिका सारिका मॅडमनी मुलांना चिठ्ठ्या वाटल्या. त्यावर ३१६२८४ एवढंच होतं. हे ठिकाण शोधून तिथे चालत पोचायचं. तिथल्या देवळात भरीत-भाकरी तयार असणार होती.

भिकनभाऊंनी सवयीने पट्टी लावली. आकडा उघड्या माळावर येत होता. देऊळ साडेचार किलोमीटर दूर, २८४३१६ वर होतं. त्यांनी दोनदा मोजलं. मॅडमना सांगावं की नाही, या विचारात ते थोडा वेळ घुटमळले. शेवटी त्यांना बाजूला नेऊन हळूच म्हणाले, "मॅडम, आधी उजवीकडे जायचं, मग वर. इथं उलटं झालंय."

मॅडमनी नकाशा पाहिला. घाईत आकडे उलटे उतरले होते. त्या मुलांकडे वळल्या आणि म्हणाल्या, "चूक माझी. भिकनभाऊंनी पकडली."

दीड वाजेपर्यंत सगळे देवळात पोचले.

पुढच्या सोमवारी मॅडमनी त्यांना तास घ्यायला सांगितलं. त्यांनी नाही म्हणून पाहिलं, मॅडमनी ऐकलं नाही. पहिली पाच मिनिटं ते टेबलांवर नकाशेच पसरत राहिले. मग त्यांनी पट्टी नकाशावर ठेवली आणि बोलता बोलता तास संपला.

सगळी पोरं ऐकत होती याचंच अप्रूप वाटून त्या संध्याकाळी ते पत्नीला, मंजुळाबाईंना, अहिराणीत म्हणाले, "बठ्ठा पोरे ऐकी राहींतात."

मंजुळाबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "आपला घरना नंबर काय शे?"

दुसऱ्या दिवशी भिकनभाऊंनी जळगावचा नकाशा काढून पिंप्राळा शोधला. घर काही नकाशात दिसत नव्हतं, पण रेल्वेरूळ होते, रस्त्याचं वळण होतं. त्यावरून अंदाज बांधून त्यांनी सहा आकडे कागदावर लिहिले आणि घरी नेले. मंजुळाबाईंनी तो कागद देवघराशेजारी चिकटवला. आता पाहुणे आले की त्या आकडे कसे वाचायचे ते समजावून सांगतात.