परत आलेला डबा

वागियेमताईने कुणाकडे काही मागितलं असं मी आयुष्यात एकदाच पाहिलं, आणि तेही माझ्या अतिशहाणपणामुळे.

तिचा नवरा गेला तेव्हा तिची मुलगी एंदाह सहा वर्षांची होती. दीर तुकिरान नदीपलीकडच्या तेलाच्या पामच्या मळ्यात फळांचे घड तोडायला होता. दिवस उरकल्यावर तो म्हणाला, "वहिनी, दोघी माझ्याकडे चला." ही म्हणाली, "भावजी, मला हातपाय आहेत." होते ना, पण असं तोंडावर सांगायचं नसतं. तेव्हापासून तो ईदला यायचा, हात हातात घ्यायचा आणि उभ्या उभ्या निघून जायचा. पंधरा वर्षांत त्या घरात टेकला नाही.

हिने नवऱ्याची मोटरसायकल बाहेर काढली. शिकताना दोनदा नालीत गेली, पण शिकली. मागे दोन मोठ्या टोपल्या बांधल्या आणि टोफू, मिरच्या, सुकी मासळी घेऊन मळ्यामळ्यांतून फिरायला लागली. आमच्याकडे जिकडे बघावं तिकडे पामच. रांगेमागे रांग आणि प्रत्येक वळण आधीच्या वळणासारखं. नवखा माणूस तासभर गाडी हाकून निघाला तिथेच येतो. खांबांवर आकडे रंगवलेत, पण ताई त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही. "इथे पोटुशी बाई राहते, पुढे एक कोंबडा अंगावर येतो, तिथून डावीकडे," हा तिचा नकाशा. पाऊस झाला की तांबडी माती मडगार्डमध्ये अशी बसते की चाक फिरेना, म्हणून तिने पुढचं मडगार्ड कधीच काढून टाकलंय. आता ती माती तोंडावर उडते. तिला त्याचंही काही नाही.

यंदा एंदाहचं लग्न ठरलं. आमच्यात बोलावणं कागदावर नसतं, डब्यात असतं. भात, कोंबडीचा तुकडा, शेवया, वर केळीचं पान. शेजारीण म्हणून यादी मी केली, डबे मी भरले. पहिलं नाव मोठ्या मानाने तुकिरानचं घातलं आणि त्याचा डबा सकाळीच घडांच्या ट्रकवाल्याकडे दिला.

दुपारी ट्रकवाला परत आला तो डबा घेऊनच. फडक्याची गाठसुद्धा सुटलेली नव्हती.

"तुकिरान म्हणाला, डबा परक्याला जातो," ट्रकवाला खाली मान घालून म्हणाला. "म्हणाला, मी परका, तर मुलीचा हात द्यायला दुसरा कुणी बघा."

स्वयंपाकघरातल्या सगळ्या खवण्या थांबल्या. मी कपाळावर हात मारला. पाहुण्याला डबा पाठवतात, घरच्या माणसाला कामाला बोलावतात. हे शेंबड्या पोरालाही कळतं, मला कळलं नाही! बाप नसला की बापाच्या भावाने मुलीचा हात द्यायचा, आणि लग्न तीन दिवसांवर आलेलं. एंदाह चुलीपाशी बसून रडायला लागली. कुणीतरी म्हणालं, नाहीतर कचेरीतला काझी उभा राहील.

"तिचा बाप मेलाय," ताई म्हणाली, "काका जिवंत आहे." मग माझ्याकडे वळली. "पार्मी, डबा घे आणि बस मागे."

"मी कशाला?"

"घोळ तू घातलास आणि घरी बसून नारळ मी खवू?"

टोपल्या सोडून ठेवल्या आणि निघालो. सकाळीच पाऊस होऊन गेलेला. गाडीचा आवाज ओळखून बायका दारात येत होत्या.

"ताई, टोफू आहे का?"

"आज नाही गं! दीर आणायला चाललेय!"

"कसा किलो दिला?"

ताई हसली, पण तिचे खांदे ताठ झालेले मला मागून दिसत होते. पुढच्या चढावर ट्रकने चर पाडले होते. कुणीतरी त्यात पामच्या झावळ्या टाकल्या होत्या, त्याही काटे वर करून. मी उतरून ढकललं, गाडी सुटली आणि मी चिखलात बसले. पुन्हा मागे बसल्यावर मी तिच्या कानाशी लागले. "सरळ माफी माग. हवं तर पाय धर. चूक पार्मीची म्हणून सांग."

तिने पुढचा खड्डा चुकवला. मग म्हणाली, "मला मागायला येत नाही गं पार्मी." इतक्या वर्षांत मला तिचा राग आला होता, कौतुक वाटलं होतं, हेवाही वाटला होता. कीव त्या दिवशी पहिल्यांदा आली.

तराफ्यावरून नदी ओलांडली. तुकिरान दारात बसून विळ्याला धार लावत होता. त्याने आमच्याकडे नाही, गाडीकडे पाहिलं.

"दादाच्या गाडीची चेन सैल झालीय."

ताई उतरली. भुवयांपर्यंत चिखल. मी तिला कोपर मारलं.

"भावजी," ती म्हणाली, "लाकडं फोडायला माणूस नाही."

"मजूर लावा."

"मजुराच्या लाकडावर एंदाहच्या लग्नाचा भात शिजवू? चारशे माणूस जेवायचंय." तिने भुवयांवरचा चिखल पुसला. "मला एकटीला जमत नाहीये."

तुकिरान उठून आत गेला. संपलं, असं मला वाटलं. तो बाहेर आला तेव्हा एका हातात कुऱ्हाड होती, दुसऱ्या हातात पाना. खाली बसून त्याने आधी चेन ताणली. मग म्हणाला, "मागे व्हा वहिनी, रस्ता खराब आहे."

"पंधरा वर्षं मीच चालवतेय. तुम्ही बसा मागे."

तो निमूट बसला, कुऱ्हाड मांडीवर घेऊन. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"पार्मी, संध्याकाळी ट्रक येतो," ताई म्हणाली, आणि गेलेसुद्धा!

मी त्याच्या पायरीवर बसून तो डबा खाल्ला. पोटात कावळे ओरडत होते आणि मनातून मी इतकी खूश होते की एकटीच हसत होते. घडांच्या ढिगावर बसून, काटे सोसत, दिवेलागणीला घरी आले तर अंगणात लाकडं फोडल्याचा आवाज.

"डबा कुठाय?" तुकिरानने विचारलं.

"खाल्ला."

"मीठ बरोबर होतं?"

"होतं की."

"मग लग्नातही तू बघ. आपल्या पाहुण्यांना नावं ठेवायला जागा नको."

आपल्या, म्हणाला. ओट्यावर ताई नारळ खवत होती, तिचा हात थांबला.

"खवणी का थांबली, वहिनी?"

"तुमची कुऱ्हाड थांबली म्हणून," ताई म्हणाली.

तुकिरानने पुढचा ओंडका उभा केला.