वहिनीचा उलटा व्होल्ट

माझी वहिनी विजेची मीटरं बनवणाऱ्या आणि तपासणाऱ्या कारखान्यात कामाला होती. तिच्याच शब्दावर मीही तिथे पॅकिंगला लागलो. घरच्या सवयीने मी तिला तिथेही वहिनी म्हणायचो. बघता बघता अख्खा कारखाना वहिनी म्हणू लागला. मालक तेवढे ‘बाई’ म्हणत. मला हे नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. पण दादा गेल्यावर तिच्याविषयी सांगणारं दुसरं कोणी उरलं नाही.

तिची खोली जिन्याखाली होती, बिनखिडकीची. ऊन आत आलेलं चालत नसे, कारण फळीवर काचेचे प्रमाण सेल मांडलेले असत. हे सेल दिवे लावायला नव्हते. त्यांचा विजेचा दाब वर्षानुवर्षं जागचा हलत नाही, म्हणून बाकीची मीटरं त्यांच्याशी ताडून बघायची. प्रत्येक सेलवर त्याचा दाब किती व्होल्ट, याची चिठ्ठी. ती लिहायचा अधिकार फक्त वहिनीचा, आणि त्या खोलीची किल्लीही तिच्याच कमरेला. त्या किल्लीचा तिला भारी अभिमान होता. दादा म्हणायचा, “हिला दागिने नकोत, एक कुलूप द्या.”

अशात मोठ्या प्रयोगशाळांनी व्होल्टचं मापच बदललं. जुना व्होल्ट नव्यापेक्षा किंचित मोठा होता, दहा हजारांत जेमतेम तीन-साडेतीनने. सेल तेच, दाब तोच, फक्त चिठ्ठीवरचा आकडा नव्या व्होल्टात लिहायचा. आमच्याकडून असेच सेल नेलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांना वहिनीने हिशेब करून नव्या चिठ्ठ्या पाठवल्या. त्यांनी त्या आपापल्या सेलवर चिकटवल्या.

काही दिवसांनी मोठ्या प्रयोगशाळेतून एक सेल आला, नव्या व्होल्टातलाच आकडा घेऊन. वहिनीने आपला एक सेल त्याच्यासमोर जोडला. दाबात फरक असता तर मधल्या मीटरचा काटा हलला असता; तो हललाच नाही. म्हणजे दोघांचा दाब अगदी सारखा. पण चिठ्ठ्यांवरचे आकडे वेगळे!

तिने हिशेबाची वही काढून आपलाच आकडा पुन्हा मांडला. मग मला हाक मारली. “भावजी, दूध तेवढंच आहे आणि वाटी लहान घेतली, तर वाट्या जास्त भरतील की कमी?”

“जास्त.”

“मग नवा व्होल्ट लहान, तर आकडा वाढायला हवा. मी शहाणीने कमी केलाय. गुणायचं तिथे भागलंय!”

तशीच ती मालकांकडे गेली. मी दाराशी खोका घेऊन उभा होतो, आत जाववेना.

“माझी चूक झाली. माफ करा,” ती म्हणाली. “सगळ्यांना दुरुस्तीच्या चिठ्ठ्या पाठवायला हव्यात.”

मालकांनी आकडे पाहिले आणि हसले. “बाई, हा फरक कोणाच्या बापाला कळणार नाही. पुढच्या चिठ्ठ्या बरोबर लिहा म्हणजे झालं. गावभर बोभाटा कशाला? आपलं नाव जाईल.”

“कळणार नाही म्हणून तर आपल्याला सांगायला हवं.”

“दुरुस्तीची एक चिठ्ठी जरी बाहेर गेली, तर त्या खोलीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवायची.”

वहिनी वळून आपल्या खोलीकडे गेली. मला वाटलं, नमली. मी आपला खोका उचलून निघालो. दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली आणि दादाच्या सायकलवर बसून गिऱ्हाइकांकडे निघाली. पिशवीत नव्या चिठ्ठ्या होत्या. प्रत्येकीवर बरोबर आकडा, आणि खाली: ‘आधीचा आकडा चुकीचा. चूक माझी.’ त्याखाली सही.

वीजघरातल्या परीक्षकाकडे मी तिच्यासोबत होतो. मोठ्या पोटाचा, मिश्कील माणूस.

“वहिनी, एवढ्याशाने कोणाच्या घरचा दिवा विझणार आहे का?”

“नाही विझणार. पण तुम्ही याच्यावरून दुसरं मीटर जुळवणार, त्याच्यावरून तिसरं. माझ्या चुकीला तुमच्या घरी पोरंबाळं होतील!”

“अहो, मला आधीच चार आहेत,” म्हणत त्याने चिठ्ठी घेतली, आणि जुनीवर स्वतःच चिकटवली.

सगळेच असे नव्हते. एका गिरणीवाल्याने मालकांना फोन करून विचारलं की तुमच्याकडे आणखी काय काय उलटं होतं? त्याने पुढचं काम दुसरीकडे दिलं.

मालकांनी तिला कारखान्यात सगळ्यांच्या देखत उभं केलं. “काय सांगितलं होतं मी? माफी मागा, विषय मिटवू. किल्ली राहू दे तुमच्याकडे.”

 वहिनीचा हात कमरेशी गेला आणि तिथेच थांबला. मला वाटलं, आता मागेल. मनातून मलाही तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू?

“चुकीची माफी मी त्याच दिवशी मागितली,” ती म्हणाली. “दुरुस्तीची मागणार नाही.”

तिने किल्ली सोडवून त्यांच्या समोरच्या टेबलावर ठेवली.

“मग उद्यापासून तारेच्या कॉइल गुंडाळा!” मालक ओरडले.

“उद्या कशाला? आत्ताच बसते,” वहिनी म्हणाली, आणि पदर खोचून कॉइलच्या टेबलाकडे वळली. “भावजी, जरा ती बारीक तार द्या इकडे.”

सगळे बघत होते. मी तार नेऊन दिली.