वळायला जागा

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, बॅटरीवर चालणारी व्हीलचेअर झेपेल का, याची चाचणी होती. डोळ्यांवर जाडजूड चष्म्यासारखं यंत्र, हाताशी खुर्ची चालवायची दांडी. त्याला दिसत होतं तेच आम्हाला पडद्यावर दिसत होतं. यंत्राने उभा केलेला, भलामोठा रिकामा हॉल.

दादा टोकापर्यंत छान गेला. आता वळून परत यायचं होतं. तो मात्र मान मागे करून, जपून, उलटाच येऊ लागला.

"काका, खुर्ची वळवा ना," चाचणी घेणारी मुलगी म्हणाली.

"इथं कुठं वळणार?"

"जागाच जागा आहे, काका."

दादा थांबला. दांडीवरचा हात तसाच राहिला.

आमच्या घरी त्याच्या खोलीपासून बाथरूमपर्यंतचा पॅसेज जेमतेम खुर्चीएवढा आहे. सहा वर्षं तो सरळ जातो आणि उलटा येतो. माणसाला मैदानात सोडलं तरी घरच्या भिंती त्याच्यासोबत येतात, हे मी त्या पडद्यावर पाहिलं.

मुलीने कागदावर 'वळणे' या शब्दापुढे फुली मारली.

पॅसेजमध्ये भिंतीला लागून पुस्तकांचं कपाट आहे. ते माझं आहे. दादा राहायला आला तेव्हा मी त्याला म्हणालो होतो, "रविवारी हलवतो."