डाव्या हाताची गाडी

दादाने ती गाडी अपघाताच्या आधी घेतली होती, आणि अपघात त्या गाडीवर झाला नव्हता. या दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकते, कारण ऐकणारा पहिल्यांदा तेच विचारतो.

जुनी, शंभर सीसीची टू-स्ट्रोक. वरणगावच्या एका निवृत्त माणसाच्या अंगणात ती पावसापाण्यात उभी होती, तिथून दादाने ती उचलली. तेव्हा तो औषध कंपनीचा प्रतिनिधी होता. कामासाठी त्याच्याकडे दुसरी, साधी मोटरसायकल होती आणि तिच्यावर तो जळगावहून चोपडा, यावल, बोदवड असा आठवडाभर फिरायचा. ही जुनी गाडी हौसेची. तिची त्याला सुपरमोटो करायची होती. म्हणजे काय, ते त्याने मला आणि वहिनीला मोबाइलवर फोटो दाखवून समजावलं होतं. मातीतल्या शर्यतीच्या गाडीसारखी उंच, सडपातळ, रुंद हँडल, सपाट सीट. पण चाकं लहान आणि टायर डांबरी रस्त्याचे. वहिनी म्हणाली, "म्हणजे धड इकडची नाही, धड तिकडची नाही." आम्ही तिघंही हसलो होतो.

त्यानंतर काही महिन्यांतच चोपड्याच्या रस्त्यावर केळीच्या ट्रकला ओव्हरटेक करताना तो कामाच्या गाडीवरून पडला. उजव्या खांद्यातून हातात जाणाऱ्या नसा मुळापासून तुटल्या. एक ऑपरेशन नाशिकला झालं, दुसरं पुण्याला. हात राहिला, पण नुसता राहिला. गळ्यातल्या पट्ट्यात अडकवलेला. त्यात सारखी आग होते असं तो सांगायचा. ज्या हाताला सुई टोचलेली कळत नाही तो जळतो कसा, हे आईला अजूनही पटलेलं नाही.

नोकरी गेली. मित्राच्या मेडिकलमध्ये फोनवर ऑर्डरी घ्यायचं काम मिळालं, ते तो मान खाली घालून करायचा. घरी आला की सगळं वहिनीवर निघायचं. तिने ताटात वाढलं तरी चूक, नाही वाढलं तरी चूक. तिने घास मोडून दिला तर तो ताट सरकवून उठायचा. ती थोडे दिवस म्हणून धुळ्याला माहेरी गेली, तिथल्या एका शाळेत तिला नोकरी लागली आणि ती परत आली नाही. भांडण झालं नाही, की कुणी काही तोडलंही नाही. आई शेजारणींना सांगायची, सून नोकरीला आहे.

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. गाड्यांशी माझा संबंध स्कूटीत पेट्रोल भरण्यापुरता. वहिनी गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात एका रविवारी दादा मागच्या अंगणात गाडीवरची ताडपत्री काढून बसला होता. त्याने मला विचारलं, पाना धरता येतो का? मला वाटलं, गाडी विकायला काढतोय. निदान उघडून, साफ करून ग्राहकाला दाखवायची असेल. मी हो म्हणाले.

तो खुर्चीत बसून सांगायचा आणि मी जमिनीवर बसून करायचे. मे महिना होता. उन्हात ठेवलेला पाना हातात धरवत नसे, म्हणून मी बादलीत पाणी घेऊन बसायचे. कार्बोरेटर उघडला तेव्हा त्यात वाळलेल्या डिंकासारखं जुनं पेट्रोल बसलं होतं. बारीक भोकं तारेने नाही, फुंकून साफ करायची हे मी तार घातल्यावर कळलं. एका बोल्टचे आटे मी पिळून टाकले. सायलेन्सरमधली काजळी जाळायला गेले आणि आईच्या वाळत घातलेल्या लुगड्यावर ठिपके पडले. दादा ओरडायचा. "हळू, हळू म्हणतोय ना, तुला ऐकू येत नाही का?" मग स्वतःच गप्प व्हायचा. पण त्या दोन-तीन तासांत तो एकदाही हाताच्या आगीबद्दल बोलत नसे, हे माझ्या लक्षात आलं, आणि मी दर रविवारी बसायला लागले.

आई ओसरीतून बघायची. ती चोपड्याकडच्या खेड्यातली, रागावली की तिकडची अहिराणी बोलायची. "हाऊ काय उद्योग शे तुन्हा?" ती मला विचारायची. दादाला कधी नाही.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं त्या दिवशी निळा धूर अंगणभर पसरला आणि मी रडले. दादा रडला नाही. तो म्हणाला, "आता अ‍ॅक्सिलरेटर डावीकडे घ्यायचा."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. गाडी विकायची नव्हती. क्लच डाव्या हाताला असतोच, अ‍ॅक्सिलरेटरही तिथेच आणायचा आणि पुढचा ब्रेक पायात घ्यायचा, मागच्या ब्रेकच्या पॅडललाच जोडून. गाडी हलकी, हँडल रुंद, त्यामुळे एका हाताने सावरेल. परदेशात असे लोक चालवतात, त्याने व्हिडिओ दाखवले. सगळं त्याच्या डोक्यात पहिल्यापासून होतं.

मी पाने पिशवीत भरले आणि उठले. पुढचे काही रविवार अंगणात गेलेच नाही.

एका संध्याकाळी लॅबमधून लवकर घरी आले. दादा जमिनीवर बसला होता. त्याने हँडल दोन्ही गुडघ्यांत दाबून धरलं होतं, उजवा हात मांडीवर पडला होता आणि तो डाव्या हाताने केबलचं टोक खोबणीत बसवायचा प्रयत्न करत होता. केबल निसटायची. तो पुन्हा धरायचा. त्याने दातांनीही धरून पाहिली. मी चप्पल काढून त्याच्यासमोर बसले आणि केबल धरली. मी का बसले, हे मला आजही नीट सांगता येत नाही. त्याची कीव आली म्हणून नाही, एवढं खरं.

आईने ते पाहिलं. त्या वेळी ती ओरडली नाही. जवळ येऊन मला म्हणाली, "त्याना हात गया, आते जीव बी लेशी का तू?" आणि आत गेली. त्यानंतर बरेच दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

पॅडलचं काम घरी होण्यातलं नव्हतं. एमआयडीसीत कूलरच्या जाळ्या आणि सांगाडे बनवणारा एक वेल्डर होता, त्याच्याकडे मी गाडी टेम्पोत घालून नेली. दोन्ही ब्रेक एका पायाने का लावायचे, असं त्याने विचारलं. चालवणार कोण? मी म्हणाले, मीच. उजवा हात कमजोर आहे. त्याने माझ्या हातांकडे पाहिलं, मग गॉगल लावला आणि कामाला लागला.

शहराच्या बाहेर प्लॉट पाडून ठेवलेली एक मोकळी जागा होती. डांबरी रस्ते आखलेले, घर एकही नाही. तिथे आधी मी चालवून पाहिली. डाव्या मुठीने पीळ देताना बोटांनी क्लच सोडायचा, हे जमता जमेना. मी दोनदा आडवी झाले, कोपर सोललं. मग दादा बसला. किक त्याने उभं राहून मारली. गाडी डगमगली, सरळ झाली, आणि तो त्या रिकाम्या रस्त्यांवरून एक लांब फेरी घालून आला. मला वाटलं होतं, तो हसत येईल. त्याचा चेहरा परीक्षेला बसलेल्या माणसासारखा घट्ट होता. माझ्याजवळ थांबून तो म्हणाला, "पुढचा ब्रेक उशिरा धरतोय. केबल अजून ओढ." मी ओढली.

आरटीओच्या परवानगीशिवाय, वैद्यकीय कागदाशिवाय अशी गाडी रस्त्यावर आणता येत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. करू, असं तो म्हणायचा. तोवर फक्त प्लॉटवर चालवायची, असं त्याने कबूल केलं होतं.

त्याच सुमारास त्याने मोकळा सायलेन्सर बसवला. असा सायलेन्सर लावला की इंजिन जास्त हवा ओढतं, आणि त्या हिशेबाने पेट्रोल वाढवलं नाही तर ते आतून तापत जातं. हे मला तोपर्यंत समजायला लागलं होतं. स्पार्क प्लगचं टोक चहाच्या रंगाचं असावं लागतं. आमचा प्लग पांढराफटक पडला होता. पेट्रोल सोडणारा जेट, म्हणजे भोक असलेला पितळी स्क्रू, मोठा घालायला हवा होता. मी तो आणून ठेवला होता. दादा म्हणाला, पुढच्या रविवारी घालू.

पुढच्या रविवारी मी उठले तर अंगणात गाडी नव्हती.

प्लॉटवर जाऊन आले. तिथेही नव्हती. आई देवापुढे बसली होती, मी तिला काही सांगितलं नाही. दादाचा फोन लागत नव्हता. उन्हं वर आल्यावर फोन आला तो वहिनीचा.

"ताई, तुमचे दादा इथे आले होते," ती म्हणाली. "आत्ता निघाले. मी थांबवलं नाही." आणि तिने फोन ठेवला.

जळगाव ते धुळे. महामार्गाने, ट्रकांच्या मधून, एका हाताने. मी ओट्याला टेकून उभी राहिले. नंतर दादाचा फोन आला. परत येताना मुकटी गावाच्या पुढे इंजिन जाम झालं होतं. तो पडला नव्हता. मागचं चाक अडकल्याबरोबर त्याने क्लच दाबला आणि गाडी कडेला घेतली. "पाने घेऊन ये," म्हणाला.

मी पाने, प्लग आणि तो नवा जेट पिशवीत घालून एसटीत बसले. पारोळा गेल्यानंतर खिडकीतूनच तो दिसला. उसाच्या रसाच्या बंद गाड्याजवळ, निंबाच्या सावलीत. गाडी स्टँडवर, तो जमिनीवर. मला पाहून उठला नाही.

मी कार्बोरेटर सोडवला. जेट बदलत असताना तो स्वतःहून सांगू लागला. वहिनीचे वडील बाहेर आले, त्यांनी या म्हटलं, खुर्ची दिली. वहिनी दारात आली. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग डाव्या मुठीकडे. कोणी बनवून दिली, एवढंच तिने विचारलं. त्याने माझं नाव सांगितलं. ती आत गेली, पाणी आणून दिलं आणि पुन्हा बाहेर आली नाही.

"मला वाटलं, तिला बरं वाटेल," तो म्हणाला. "मी कुणाच्या मदतीशिवाय तिच्यापर्यंत आलो."

इंजिन थंड झाल्यावर सुटलं होतं. मी किक मारली, ते सुरू झालं, पण आत खडखड वाजत होती. पिस्टन खरवडला होता. दादाने मूठ धरायला हात पुढे केला. मी चावी काढून घेतली.

"दे," तो म्हणाला.

"नाही."

"तू आईसारखी बोलायला लागलीस."

"बोलू दे मला आईसारखं."

तो माझ्यावर ओरडेल असं वाटलं. तो खाली बसला आणि उजवा हात डाव्या हाताने मांडीवर नीट ठेवला, जसं झोपलेलं मूल सरकवतात. केळी खाली करून परत निघालेला एक टेम्पो मिळाला. गाडी मागे दोरांनी बांधली. जळगाव येईपर्यंत आम्ही दोघं केबिनमध्ये बसून रस्त्याकडे बघत होतो.

काही दिवसांनी मी वहिनीला फोन केला. माझी बाजू मांडायची होती. गाडीचं काम करताना त्याचा हात दुखत नाही, तो पहिल्यासारखा बोलतो, हे तिला सांगायचं होतं. मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

मग ती म्हणाली, "ताई, हॉस्पिटलमध्ये ते शुद्धीवर येईपर्यंत बाकावर मी बसले होते. परत बसायचं का, हे तुम्ही दोघांनी मिळून ठरवलं. मला कोणी विचारलं?"

शाळेची घंटा झाली आणि ती गेली.

दादाने सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कातून घेतला, नवा पिस्टन टाकला. या वेळी आधी कागद. वैद्यकीय तपासणीला दोनदा परत पाठवलं, तिसऱ्यांदा गाडीसकट बोलावलं, चालवून दाखवायला लावलं. परवानगी मिळाली तेव्हा थंडी सुरू झाली होती. आता तो मेडिकलच्या ऑर्डरी स्वतः पोचवतो, गावातल्या गावात, कधी बोदवडपर्यंत. तो निघताना आई दार उघडत नाही आणि लावतही नाही. तो येईपर्यंत ओसरीत बसते. माझ्याशी ती बोलते, पण गाडीचा विषय निघाला की उठते.

देखभाल माझ्याकडेच आहे. प्लग बघते, तेल बघते, चेन ओढते. पॅडलच्या दोन्ही केबल बघताना मात्र मला अजून धडकी भरते. एक तार तुटली तर, हा विचार येतोच. मी ती पुन्हा बघते. कधी त्याने गाडी बाहेर काढल्यावरही थांबवून बघते आणि तो चिडतो.

वहिनी धुळ्यालाच आहे. मधूनमधून तिचा फोन येतो, मलाच, दुपारच्या सुट्टीत. आईची तब्येत विचारते, मग थोडी थांबते आणि विचारते, "ब्रेक नीट आहेत ना?" मी हो म्हणते. दादाला हे सांगावं की नाही, या विचारात मी पुष्कळ दिवस घालवले. मागच्या आठवड्यात चेनला तेल घालताना सांगून टाकलं.

तो गाडीच्या पलीकडे उकिडवा बसला होता.

"अजून काय म्हणाली?" त्याने विचारलं.

"अजून काही नाही," मी म्हणाले. तेच खरं होतं.