तेल उतरेपर्यंत

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, पलीकडच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक कुलूपवाला राहतो. त्याला सगळे 'आधी-आमेन' म्हणतात. नाव मीच पाडलं, पाप माझ्या माथी. रविवारी पाळकसाहेबांची प्रार्थना जेमतेम आजारी माणसांपर्यंत पोचलेली असते, तोच मधल्या बाकावरून खणखणीत "आमेन!" येतं. त्याची बायको कोपर मारते आणि आम्ही मागच्या बाकावरच्या बायका गीतांच्या पुस्तकाआड तोंड लपवतो.

माणूस सोन्यासारखा, पण धीर म्हणाल तर नखभर नाही. लिफ्ट येण्याआधी जिना चढणार आणि वर पोचून लिफ्टलाच शिव्या घालणार. लग्नात म्हणे पाळकांचा प्रश्न संपायच्या आत "हो" म्हणून मोकळा झाला होता. ताई, म्हणजे त्याची बायको, अजून सांगते, "मला विचारलंच नाही कुणी. हे दोघांच्या वतीनं बोलले."

तर झालं काय, त्यांच्या माझ्यासमोरच्या खोलीच्या खिडकीची जाळी गंजली होती. नवी सोमवारी येणार होती. यानं जुनी शनिवारी सकाळीच उपटली.

मी भांडी घासता घासता ओरडले, "भाऊजी, सोमवार काय पळून जाणार होता?"

"वहिनी, अर्धं काम उरकलेलं बरं!"

तीन वर्षांची नात घरात होती, म्हणून त्या खोलीला त्यानं स्वतः घडवलेलं कुलूप लावलं. दार ओढलं की आपोआप बंद, मग चावीशिवाय आतूनही उघडायचं नाही. एवढं करून पठ्ठ्या स्क्रू आणायला खाली पळाला. दार नुसतं लोटलेलं.

मी मान वर केली तेव्हा पोरगी खिडकीखालच्या ट्रंकेवर चढून चौकटीत उभी होती. त्याच वेळी वाऱ्यानं तिच्यामागचं दार धाडकन लागलं.

"मावशी, मी उंच!"

माझ्या हातातली ताटली सिंकमध्ये पडली. किंचाळले असते तर ती दचकली असती. मी हसले. कशी हसले, देवाला ठाऊक.

"उंच कसली? बुटकी दिसतेस. खाली बस बघू, बसलेली माणसं जास्त उंच दिसतात."

ती बसली. पाय बाहेर सोडून. हे माझं शहाणपण!

खाली बायका चादर ताणून उभ्या राहिल्या. वॉचमननं अग्निशमन दलाला फोन लावला. तेवढ्यात आतून आजोबांचा आवाज आला. धापा टाकत आलेल्या माणसानं चावी घातली, ती जड गेली, तर पकड लावून पिळली. चावी अर्धी फिरून रुतली. मग त्यानं दाराला खांदा दिला. त्या दणक्यासरशी पोरीनं मागे वळून पाहिलं आणि चौकटीवरचा तिचा एक हात सुटला.

"भाऊजी, दार वाजवू नका! ती हलतेय!"

सगळं शांत झालं. दारामागे काय घडलं ते ताईनं मला नंतर सांगितलं.

तो जमिनीवर बसला, पिशवीतून तेलाची कुपी काढली आणि चावीच्या फटीत थेंब थेंब तेल सोडलं. तेल आत उतरलं की रुतलेली स्प्रिंग आपली आपण मागे येते. तोवर चावीला बोटही लावायचं नाही, नाहीतर ती आतच तुटणार.

ताईनं विचारलं, "किती वेळ?"

"दहा मिनिटं. कधी जास्त." मग तो म्हणाला, "तीस वर्षांत मी एकदाही थांबलो नाही गं. तोडून मोकळा झालो."

त्याचा हात चावीकडे गेलाच. ताईनं तो दोन्ही हातांत धरून ठेवला.

"तेलाला उतरू द्या. तोवर प्रभू सांभाळेल तिला."

"आणि नाही सांभाळलं तर?"

"तरी हात लावू नका," एवढंच ताई म्हणाली आणि प्रार्थना करू लागली.

इकडे तिला रमवायची माझी गोष्टींची पोतडी रिकामी झाली. मांजर झालं, माकड झालं.

"मी आजोबांकडे जाते," म्हणत पोरगी पुढे सरकली.

"थांब! आजोबा लपलेत. दहा मोजेपर्यंत हललीस तर हरलीस!"

तिला पाचपर्यंतच येतं. "पाच झाले."

"परत एकदा."

"पाच झाले."

"मला ऐकू नाही आले, परत."

किती पाच झाले कोण जाणे. मग लांबून भोंगा वाजला. "गाडी!" म्हणत ती वाकली, आणि मला तिच्यामागे दार हलताना दिसलं. कसलाही आवाज नाही. ताई सांगते, कुलपात 'टक' झालं तरी तो क्षणभर थांबला, मग दोन बोटांनी चावी फिरवली.

तो अनवाणी होता. आयुष्यभर धावलेला माणूस ती सहा पावलं अशी चालला, की मला वाटलं पोचेपर्यंत म्हातारा होईल. मला त्याच्याकडे बघता येईना, पोरगी वळली असती. मी तिच्याचकडे बघत राहिले. "गाडी कुठली, सांग? लाल का निळी?"

"ला..."

त्याचा हात तिच्या कमरेभोवती आला आणि दोघं खिडकीखाली दिसेनासे झाले. खाली बायकांनी चादर सोडली. मग त्या खिडकीतून, अगदी हळू, "आमेन."

दुसऱ्या दिवशी उपासनेला पाळकसाहेबांनी लांबलचक प्रार्थना धरली. मध्ये त्यांनी श्वास घेतला, तशा आमच्या सगळ्यांच्या माना सवयीनं मधल्या बाकाकडे वळल्या. तो डोळे मिटून बसला होता, नात मांडीवर, ओठ घट्ट.

आणि तरीही आलंच, खणखणीत, "आमेन!"

नातीचं. रक्त कुठे जाईल?

मी पुस्तकाआड गेले, पण ऐकलं. तो तिच्या कानाशी वाकून म्हणत होता, "थांब गं, अजून तेल उतरतंय."